“ताई, तुम्ही नकलीच न्या” म्हणणारं दहीपुलाजवळचं दुकान: चार स्टार, पाचवा का कापला तेही सांगते

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. दुकानदार काकांनीच सांगितलं, ताई नाव नका टाकू, मी एकटा माणूस, दिवाळीच्या तोंडावर चार लोकं जास्त आली तर पुड्या बांधायला हात पुरत नाहीत. आता बिननावाच्या दुकानाचा रिव्ह्यू काय डोंबलाचा असं म्हणाल तर म्हणा, पण दहीपुलाच्या आसपास जे जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे ना, गल्ल्याच्या मागे भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर ऑइलपेंटने नाव घातलेलं, तेच. जुन्या नाशिककरांना एवढ्यावरच कळेल, बाकीच्यांनी सराफ बाजारात कुणालाही विचारा.

तर झालं असं. आमच्याकडे दिवाळीचं उटणं घरी करतात, माझ्या आईपासून चालत आलंय, तिच्या हातची यादी मी लॅमिनेट करून ठेवलीये. नागरमोथा, वाळा, गवला कचोरा, आंबेहळद, जटामांसी, चंदन पावडर, मुलतानी माती, संत्र्याच्या साली. खाली वेगळ्या पेनाने लिहिलंय, “धुपाला गुग्गुळ (चांगला बघून), ऊद.” गेली तीनचार वर्षं मी हे सगळं ऑनलाइनच मागवत होते कारण इंदिरानगरहून गावात यायचं म्हणजे द्वारकेचा तो चौक ओलांडायचा, आणि ते धाडस दर वेळी होत नाही. यंदा एका कंपनीचा “शंभर टक्के शुद्ध गुग्गुळ धूप” मागवला, डबी अशी की आत दागिना असेल वाटावं, उघडली तर काळ्या कांड्या. एक लावली आणि देवघरात जनरेटर सुरू केल्यासारखा वास. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, कोणाची गाडी बंद पडलीये का खाली. परत करायला गेले तर म्हणे पूजा साहित्य रिटर्न होत नाही. ३८० रुपये गेले ते गेले.

म्हणून मग शनिवारी उठून गावातच गेले, बरोबर मोठे भावजी होते, त्यांना नवीन ऑफिसच्या पूजेचं सामान घ्यायचं होतं. आधी गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) गेलो आणि घाटाकडच्या एका दुकानात शिरलो, हे दुकान वेगळं बरं का, काकांचं नाही. त्या माणसाने भावजींकडे एकदा बघितलं आणि ओळखलं की गिऱ्हाईक आहे. काउंटरखालून एक डबी काढली, शेंदरात बुडवलेली, त्यात काळपट वाळकी अशी एक वस्तू, बोटभर लांब, दोन इवलेसे हात जोडल्यासारखी. “हातजोडी. विंध्याच्या जंगलातली मुळी आहे साहेब, वर्षातून एकदाच निघते, गल्ल्यात ठेवा आणि बघा.” किंमत २१००. मागे भिंतीवर फ्रेम केलेलं “इंद्रजाल” पण होतं, काळ्या जाळीदार पानासारखं, ते म्हणे दारावर लावलं की नजर लागत नाही. भावजींनी ५०० रुपये ॲडव्हान्स दिले आणि फोटो काढून घेतला वहिनींना दाखवायला. मी गप्प बसले. जावाजावांत उगीच कशाला.

पुढे काकांच्या दुकानात आलो आणि भावजींनी मोठ्या उत्साहाने फोटो दाखवला, की तुमच्याकडे अशी स्वस्त मिळेल का. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल लांब धरला, परत जवळ आणला, आणि म्हणाले, “मुळी नाही ही. घोरपड आहे. नर.” भावजी म्हणाले, नर म्हणजे, घोरपडीचा पाय आहे का हा? काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि भावजींना गल्ल्याच्या पलीकडे बोलावून कानात सांगितलं. भावजींचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ५०० रुपयांपेक्षा जास्त त्यांना आपण ते बोटाने उचलून कपाळाला लावलं होतं याचं वाईट वाटलं.

घरी येऊन वाचलं तर काकांचं शब्दन् शब्द खरं. नर घोरपडीचं लिंग वाळवलं की त्याला असा जोडलेल्या हातांसारखा आकार येतो, आणि दुर्मिळ मुळी म्हणून ते देशभर आणि परदेशातल्या वेबसाइटींवरसुद्धा विकलं जात होतं. २०१७ मध्ये वन्यजीवांवर काम करणाऱ्या लोकांनी हे नीट तपासून उघडकीला आणलं. गंमत म्हणजे त्यातली काही हातजोडी तर घोरपडीचीही नव्हती, प्लास्टिकचा साचा काढून बनवलेली. म्हणजे नकलीतली नकली. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघाच्या शेजारी, तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. आणि ते इंद्रजाल म्हणजे समुद्रातला प्रवाळाचा प्रकार, झाडाचं पान नाहीच, २००१ पासून तेही शेड्यूल एकमध्ये. शाळेत असताना तानाजीच्या घोरपडीची गोष्ट ऐकून आपण लहानाचे मोठे झालो आणि मोठे होऊन तिचं काय तिजोरीत ठेवायला निघालो बघा. वन विभागाच्या १९२६ नंबरला मी फोन केला, त्यांनी पत्ता लिहून घेतला. ज्यांना असं काही दिसेल त्यांनी हा नंबर सेव्ह करून ठेवा, सिंहस्थ आलाय, घाटावर अजून काय काय विकायला येईल सांगता येत नाही.

असो, आता काकांच्या दुकानाचा रिव्ह्यू.

मी यादी पुढे केली. काकांनी यादीतलं एकेक वाचलं आणि नागरमोथ्याला म्हणाले, “हा कितीही न्या.” नागरमोथा म्हणजे आपला लव्हाळाच की, कांद्याच्या वावरात तो उपटून उपटून शेतकरी दमतो, जगाच्या पाठीवरचं एक नंबर हट्टी तण. मी पाव किलो घेतला. वाळा संपला होता. गवला कचोरा, आंबेहळद दिली. आंबेहळदीचा वास असा की खण उघडल्याबरोबर शेजारच्या बाकावर बसलेले आजोबा जागे झाले.

मग जटामांसी. खण उघडला तर आत काळपट तपकिरी केसाळ शेपट्या, खरंच जटा, एखाद्या साधूच्या डोक्याची चिंधी कापून ठेवल्यासारख्या. वास मातीचा, ओला, आणि खरं सांगायचं तर थोडा न धुतलेल्या मोज्यांचा. आई उटण्यात मूठभर घालायची. काका म्हणाले, ५० ग्रॅमच्या वर देणार नाही. मी म्हटलं का हो, संपत आलीये का. म्हणाले, “दुकानातली नाही संपली, वरची संपत आलीये.” वरची म्हणजे हिमालयातली. ही वनस्पती तीन हजार ते पाच हजार मीटरवर उगवते, आपण वापरतो ते तिचं जमिनीतलं खोड, म्हणजे पान तोडलं, फुल तोडलं असा प्रकारच नाही, खणून काढली की झाड गेलं. आणि त्या उंचीवर वर्षातले थोडेच महिने उन्हाचे, परत वाढायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच धरा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रेड लिस्टवर, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, ती २०१५ पासून क्रिटिकली एन्डेंजर्ड आहे, म्हणजे त्याच्या पुढची पायरी जंगलातून नामशेष. मूठभर घालायची आई. तिला कुठे माहीत होतं, आणि तेव्हा बहुतेक एवढी वेळ आलीही नव्हती.

इथे माझ्या डोक्यात एक गोष्ट उलटी झाली ती सांगते. माझी भाची बॉटनी करते, तिने मागे एकदा एका रिसर्चबद्दल सांगितलं होतं, तेव्हा मी हूं हूं करून सोडून दिलं होतं. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये नेचर नावाच्या विज्ञानाच्या मासिकात छापलं होतं. त्यांनी काय केलं, धोक्यात असलेल्या जातींच्या २५,००० नोंदी घेतल्या आणि त्या १८७ देशांतल्या १५,००० हून जास्त वस्तूंच्या व्यापाराला जोडल्या, की कुठल्या प्राण्याचं घर कुठल्या वस्तूसाठी तुटतंय आणि ती वस्तू शेवटी कोण विकत घेतंय. उत्तर आलं की साधारण ३० टक्के धोके आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे. त्यातलं त्यांचं उदाहरण म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं स्पायडर मंकी, त्याचं जंगल कॉफी-कोकोच्या मळ्यांसाठी जातं आणि कॉफी पितात भलतीकडचे लोक. मी तेव्हा म्हटलं होतं, बघा, हे गोरे लोक, स्वतःकडे जंगल राखतात आणि दुसऱ्याकडचं खातात. आपलं बरं, आपण चहा पितो.

आणि आता काका सांगतायत की ही जटामांसी नेपाळची. तिथल्या जुमला जिल्ह्याकडून वगैरे खाली येते आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण तर आपण. म्हणजे नेपाळच्या डोंगरावरून बघितलं तर ते लांबचे, दुसऱ्याकडचं खाणारे लोक आम्हीच की. इंदिरानगरमधल्या बाथरूममध्ये नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला.

मी जोशात म्हटलं, मग विकताच कशाला, खणच बंद करून टाका. काका चिडले नाहीत पण आवाज जरा वर गेला. म्हणाले, वरती जो खणतो त्याच्या गावात दुसरं काय आहे सांगा, शेत नाही, रस्ता नाही, पोराच्या शाळेची फी त्यातून जाते, उद्या सगळ्यांनी घेणं बंद केलं तर तो ते डोंगर राखेल तरी कशाला, कोणीतरी येऊन मेंढ्या चारेल. थोडी न्या, चांगला भाव देऊन न्या, औषधाला न्या, अंगाला चोळून मोरीत घालवू नका. मला हे पटलं आणि नाही पण पटलं. जास्त भाव दिला तर तो वरपर्यंत पोचतो का, मी विचारलं, की मधलेच खातात? त्यावर काका फक्त हसले.

मी २५ ग्रॅम घेतली. ७० रुपये. एकदा घातली उटण्यात, आईच्या नावाने, चिमूटभर.

आता गुग्गुळ, ज्यासाठी मी आले होते. हा भाग मला सगळ्यात आवडला. काकांनी दोन बशा काढल्या. एकीत पिवळसर तपकिरी चिकट खडे, त्यात साल, काड्या, कचरा अडकलेला. दुसरीत स्वच्छ, चकचकीत, सोनेरी दाणे, एकसारखे. मी अर्थातच दुसरीकडे बोट केलं. काका म्हणाले, सगळे तिकडेच बोट करतात. मग दोन वाट्यांत थोडं पाणी घेऊन दोन्हीतला एकेक खडा बोटाने चोळला. कचरावाल्या खड्याचं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. सोनेरी दाणा पाण्यात तसाच, बोटाला चिकटून बसला. काकांची खूण अशी, पांढरं झालं तो गुग्गुळ, आणि सोनेरी तो सालईचा डिंक. सालई म्हणजे आपल्या सातपुड्यात, खानदेशात वाढणारं ते झाड, धूप म्हणून तोही चांगलाच आहे, पण बाजारात तो गुग्गुळ म्हणून गुग्गुळाच्या भावाने विकतात.

मी म्हटलं मग मला खरा द्या. आणि इथे काका ते वाक्य बोलले ज्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले. “जाळायलाच ना? मग ताई, तुम्ही नकलीच न्या.”

गुग्गुळाचं झाड म्हणजे कच्छ, राजस्थान, पलीकडे सिंध, अशा रखरखीत भागातलं काटेरी झुडूप. आठदहा वर्षांनी कुठे चीक काढण्याजोगं होतं. नीट, वरवर चीर दिली तर झाड जगतं. पण भाव वाढला की लोक खोल घाव घालतात, वर काहीबाही रसायन लावतात की एकदम भरपूर चीक येतो, आणि तो झाडाचा शेवटचाच. हाही २०१५ पासून क्रिटिकली एन्डेंजर्डच्या यादीत. आपल्याकडे पुरत नाही म्हणून पाकिस्तानातून पण आणायचे. आणि खाणारे काय फक्त आपण नाही, अमेरिकेत याच्या गोळ्या कोलेस्टेरॉलवर म्हणून दणकून खपायच्या, मग २००३ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी नीट ट्रायल घेतली तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलंच. म्हणजे कच्छमधलं झाड मेलं ते मेलं, तिकडच्या माणसालाही उपयोग नाही. याला म्हणतात तेलही गेलं तूपही गेलं.

काकांचं म्हणणं, वैद्याने योगराज गुग्गुळ लिहून दिला असेल तर चिठ्ठी दाखवा, खरा देतो. धुरात घालवायला देणार नाही. माझ्यासमोर एका बाईंना नाही म्हणाले, त्या गंगापूर रोडवरून खास आल्या होत्या, दोन किलो हवा होता, नवीन बंगल्याच्या वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट म्हणून शुद्ध गुग्गुळाच्या डब्या द्यायच्या होत्या. काकांनी त्यांना सालईचा डिंक आणि राळ मिसळून करून देतो म्हटलं, आणि डबीवर लिहा की सालई धूप. त्या म्हणाल्या, असं लिहिलं तर लोक काय म्हणतील. गेल्या मग, आणि मला खात्री आहे की पुढच्या चौकात त्यांना तोच सालईचा डिंक शुद्ध गुग्गुळ म्हणून तिप्पट भावाने मिळाला असणार.

मला खरंच असं वाटायला लागलंय की आपला सगळा घोटाळा या “शुद्ध” शब्दात आहे. पूर्वी देवळात एक खडा टाकायचे सणावाराला, आता प्रत्येक फ्लॅटमध्ये रोज सकाळ संध्याकाळ धूप, मेडिटेशनला वेगळा, झोपायला वेगळा, आणि प्रत्येकाला शुद्धच पाहिजे. एवढी शुद्ध झाडं आहेत कुठे. मग एक तर झाड मरतं, नाहीतर आपण फसतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही होतं. त्यापेक्षा समोरचा सरळ सांगत असेल की बाई हे नकली आहे, अमुक डिंक आहे, इतके रुपये, तर मला तो जास्त शुद्ध वाटतो.

आता उदाची गंमत. मी म्हटलं ऊद द्या, तर काकांनी विचारलं, आपला ऊद का अरबांचा ऊद? आपण ज्याला ऊद म्हणतो, बाळाला धुरी द्यायचा, तो लोबान, तो सुमात्राच्या बाजूच्या झाडाचा डिंक, तोही बोटीतूनच येतो. आणि ते परफ्यूमवाले ज्याला ऊद म्हणतात तो म्हणजे अगर. हो, अगरबत्तीतला अगर, ज्याच्यावरून नाव पडलं. (शिवाय माझ्या सासऱ्यांच्या गावाकडे पाणमांजरालाही ऊद म्हणतात, तेव्हा यादीत लिहिताना सांभाळून.) भावजींना कोणीतरी दुबईहून आलेल्या माणसाने सांगितलं होतं की ऑफिसात खरा ऊद जाळा. काकांनी हातभर लांब हुश्श केलं.

या अगराच्या झाडाची तऱ्हाच न्यारी. झाड निरोगी असेल तर लाकूड पांढरं, हलकं, जळणालाही धड नाही. त्याला जखम झाली, किडीने पोखरलं, बुरशी लागली, की झाड स्वतःला वाचवायला आतून काळी राळ सोडतं आणि तेवढं लाकूड सुगंधी होतं. म्हणजे झाडाचं दुखणं हाच आपला सुगंध. आणि बाहेरून कळत नाही कुठल्या झाडात ती राळ आहे, म्हणून जंगलात शिरणारे लोक एकामागून एक झाड पाडून बघतात, दहात एखाद्यात सापडलं तरी परवडतं एवढा भाव. आसामच्या रानातली झाडं अशीच जवळजवळ साफ झाली, आता तिकडे आणि त्रिपुरात लोक परसात, मळ्यात लावतात, आसामातल्या होजाईला त्याचा मोठा धंदा आहे आणि माल जातो आखातात. १९९५ मध्ये हे झाड सायटिस नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घातलं, म्हणजे परमिटशिवाय सीमेपार नेता येत नाही, २००४ मध्ये त्याच्या सगळ्या भाईबंदांना पण घातलं कारण एकावर बंधन आणलं की लोक दुसऱ्यावर घसरतात. आणि तरी २०१८ मध्ये रेड लिस्टवर क्रिटिकली एन्डेंजर्ड. काकांकडे अगराचा एक तुकडा आहे, वडिलांच्या वेळचा, काडेपेटीएवढा, विकायला नाही, नुसता वास घ्यायला देतात. मी घेतला. आता कसा होता ते लिहिता येत नाही मला, पावसात भिजलेल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर कोणीतरी मध सांडलाय, असं काहीतरी. भावजी तर दोन मिनिटं बोललेच नाहीत.

मग साधी अगरबत्ती काय असते तर कोळशाची नाहीतर भुशाची पावडर, ती चिकटायला एका झाडाच्या सालीची पूड, धंद्यात तिला जिगट म्हणतात (साल ओरबाडली की ते झाडही मरतं, तो आणखी एक विषय), बांबूची काडी, आणि वर सॉल्व्हंटमध्ये कालवलेलं सेंट. बांबूच्या काड्या तर वर्षानुवर्षं चीन आणि व्हिएतनामहून यायच्या, मग २०१९ ला सरकारने बाहेरच्या अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि २०२० मध्ये काडीवरची ड्युटी १० वरून २५ टक्के केली. बांबूच्या देशात बांबूची काडी इम्पोर्ट, हे मला आजवर माहीतच नव्हतं. पुड्यावर मात्र आपले गणपती बाप्पा.

चंदनाची पावडर घेतली नाही. सहाणेवर उगाळायला आमच्याकडे आजेसासूबाईंचं खोड आहे, ते पुरेल माझ्या सुनेपर्यंत. चंदनाचं काय सांगायचं नाशिककरांना, बंगल्याच्या आवारातलं झाड रात्रीत कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि तिकडे ऑस्ट्रेलियावाल्यांनी आपलंच चंदन नेऊन कुनुनुराला मळेच्या मळे लावलेत. उद्या तिथून इम्पोर्ट करू आणि “ओरिजिनल म्हैसूर” म्हणून विकू.

आता तक्रारी, म्हणजे नुसतं कौतुक वाटायला नको.

एक, वेळ. दुपारी एक ते चार बंद, म्हणजे पाटी तसं म्हणते, काका साडेचारला येतात. दोन, पार्किंग विसरा, गाडी गाडगे महाराज पुलाखाली कुठेतरी लावून चालत या, आणि पावसाळ्यात येऊच नका, दहीपुलावर पाणी किती तुंबतं ते सांगायला नको. काकांचे खालचे दोन खण रिकामे असतात ते त्याच्यामुळेच. तीन, बोलतात फार. मला आवडलं, भावजींचा जीव खाली वर होत होता, घाई असेल तर जाऊ नका. चार, पुडी रद्दीच्या कागदाची, आंबेहळद माझ्या पर्समध्ये सांडली आणि पर्स अजून पिवळी आहे.

आणि पाचवा स्टार ज्यासाठी कापला ते. मी निघताना विचारलं, काका, ही जटामांसी तुम्ही म्हणता नेपाळची, पण नक्की कुठून, कोणी खणली, परवान्याची की चोरून? काका एवढा वेळ बोलत होते ते गप्प झाले. मग म्हणाले, दिल्लीहून येते, खारी बावलीच्या व्यापाऱ्याकडून, बिल आहे, त्याच्या पलीकडे मला माहीत नाही. तो व्यापारी कोणाकडून घेतो? माहीत नाही. चांगला भाव द्या म्हणणारा माणूस, पण तो भाव त्या डोंगरावर पोचतो की खारी बावलीतच जिरतो हे त्यालाही सांगता येत नाही. चौकशी केली का कधी म्हटलं तर म्हणाले, केली एकदा, व्यापारी म्हणाला घ्यायची तर घ्या. आता मी काकांना दोष देऊ का नको हे मला अजून कळलेलं नाही, कारण दिवाळीच्या फराळाला जे तेल मी किराणावाल्याकडून आणते त्यात पाम किती आणि ते बोर्निओच्या कुठल्या जंगलाच्या जागेवर आलंय हे मी तरी कधी विचारलंय. पाम तेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपलाच. तिकडे सुमात्रात तापानुली नावाचं ओरांगउटान आहे, २०१७ मध्ये ती वेगळी जात आहे असं कळलं आणि कळलं तेव्हाच ते ८०० पेक्षा कमी उरलेले. किराणावाल्याला विचारायला जाईन तर तो म्हणेल, वहिनी, शेंगदाण्याचं देऊ का, भाव बघा मग. तरी पण स्टार कापलाय. जो माणूस माझ्याकडे वैद्याची चिठ्ठी मागतो त्याने व्यापाऱ्याकडेही चिठ्ठी मागावी.

भावजींनी शेवटी काय घेतलं ते राहिलंच. सालईचा धूप अर्धा किलो, लोबान थोडा, आणि एक नारळ, जो काकांकडे नव्हताच, बाहेरून घेतला. घाटावरच्या दुकानात ५०० रुपये परत मागायला गेलो तर तो म्हणाला ॲडव्हान्स परत मिळत नाही, दुसरं काही घ्या. भावजींनी ५०० रुपयांचा कापूर घेतला, एवढा कापूर की त्यांच्या ऑफिसात अजून डांबरगोळ्यांच्या कपाटासारखा वास येतो.

उटणं झालं. जटामांसी चिमूटभर, नागरमोथा दुप्पट. सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं की यंदा काहीतरी कमी आहे, आणि धाकट्याने सांगितलं की यंदा मोज्यांचा वास नाही, आणि पहिल्यांदाच न रडता अंगाला लावून घेतलं. धूपही लावला सालईचा, जनरेटर नाही, थोडा लिंबासारखा वास आहे, मला आवडला, ह्यांना कळलाच नाही.

वाळा पुढच्या आठवड्यात येणार आहे म्हणालेत. जाणार असाल तर पिशवी घरून न्या आणि सुट्टे न्या, यूपीआय आहे पण तो स्कॅनर नातवाच्या नावाचा आहे आणि पैसे आले का हे विचारायला काका त्याला कॉलेजात फोन लावतात.